कुंपणाबाहेरची पोर



एरवी आपली गाठ पडते ती बी-बियाणे, खते आणि कीड-रोग यांच्या निमित्ताने. आज विषय जरा वेगळा आहे. आज एका मुलीची हकिगत सांगावयाची आहे. ती आपल्या देशातली नाही. पण तिचे गाव गव्हाचे, बाप मेंढ्यांची लोकर कातरणारा, घरात आठ पोरे आणि हातातोंडाची गाठ कशीबशी पडणारी. तेव्हा ती तुम्हांला परकी वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

संध्याकाळी तुमच्या गावच्या शाळेच्या मैदानाकडे एकवार नजर टाका. मुले कबड्डी नाहीतर क्रिकेट खेळत असतात. कडेला तारेचे कुंपण धरून, कमरेवर धाकटे भावंड घेऊन एखादी पोर उभी असते. चेंडू इकडे गेला की तिची मान इकडे, तिकडे गेला की तिकडे. तिला खेळायचे आहे का, हे तिला कोणी विचारत नाही. थोड्या वेळाने घरून हाक येते आणि ती निघून जाते.

सुमारे पासष्ट वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातील बरेलन नावाच्या खेड्यात अशीच एक पोर टेनिसच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी राहत असे. तिचे नाव इव्हॉन गुलागाँग. पुढे तिने विम्बल्डनचे अजिंक्यपद दोनदा मिळविले, आणि दुसऱ्यांदा मिळविले ते एका मुलीची आई झाल्यावर. ती कुंपणाच्या आत कशी गेली, आत गेल्यावर तिला काय मिळाले आणि त्यासाठी तिला काय द्यावे लागले, ते आज पाहू.

लोकर कातरणाऱ्याची लेक

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात रिव्हरिना म्हणून सपाट मुलूख आहे. गहू आणि मेंढ्या ही तिथली मुख्य दौलत. बरेलन हे त्यातले काहीशे वस्तीचे गाव, सिडनी शहरापासून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर. इव्हॉनचा जन्म ३१ जुलै १९५१ रोजी जवळच्या ग्रिफिथ गावी झाला. वाढली ती बरेलनमध्ये. आठ भावंडांत ती तिसरी.

वडील केनी गुलागाँग लोकर कातरणीचे काम करीत. आपल्याकडे धनगर मंडळी मेंढरांची लोकर कातरतात, ते काम तुम्ही पाहिलेच असेल. तिकडे कळप हजारांचे. कातरणाऱ्यांच्या टोळ्या एका मेंढवाड्यावरून दुसऱ्या मेंढवाड्यावर जातात आणि मजुरी मिळते ती शेकडा मेंढ्यांच्या हिशोबाने. दिवसभर कमरेत वाकून काम. हंगाम असला तर पैसा, नसला तर मिळेल ती मोलमजुरी. आपल्याकडच्या ऊसतोड कुटुंबाला हे जगणे समजावून सांगावे लागणार नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. गुलागाँग कुटुंब विराजुरी जमातीचे, म्हणजे त्या भूमीचे मूळ रहिवासी. बरेलनमध्ये असे कुटुंब त्यांचे एकटेच होते. त्या काळात ऑस्ट्रेलियातील सरकारी अधिकारी आदिवासींची मुले आईबापांपासून काढून नेत आणि संस्थांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवीत. कित्येक मुलांना आपले आईबाप पुन्हा दिसले नाहीत. इव्हॉनची आई लिंडा हिला ही धास्ती सतत असे. रस्त्याने अनोळखी मोटार येताना दिसली की ती पोरांना लपायला सांगे, नाहीतर सरकारी माणूस तुम्हांला घेऊन जाईल, असे बजावी. इव्हॉनने ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे. आपले मूल आपल्याजवळ राहील की नाही याचीच जिथे शाश्वती नाही, तिथे खेळाची गोष्ट कोण काढणार?

पण पोरीला चेंडूचे वेड होते. फळांच्या लाकडी खोक्याची एक फळी हीच तिची पहिली रॅकेट. ती घेऊन ती भिंतीवर चेंडू मारत राही. एकदा मुलींच्या ‘प्रिन्सेस’ नावाच्या साप्ताहिकात तिने एक गोष्ट वाचली. त्या गोष्टीतली मुलगी टेनिस शिकते आणि विम्बल्डन नावाच्या ठिकाणी जाऊन खेळते. हे ठिकाण खरोखरच जगाच्या पाठीवर आहे, असे कळल्यावर तिच्या मनाने घेतले की आपणही तिथे खेळायचे. भिंतीवर चेंडू मारताना ती मनाने विम्बल्डनलाच असे. वाचकहो, घरात येणारे एखादे साप्ताहिक लहान मुलाच्या हाती पडले तर काय होऊ शकते, हेही यावरून ध्यानात घ्यावे.

फाटक कोणी उघडले?

बरेलनसारख्या लहान गावातही टेनिसची मैदाने होती. इव्हॉन कुंपणाबाहेर उभी राहून खेळ पाही. गावातील बिल कर्ट्झमन या गृहस्थांनी तिला पाहिले आणि आत येऊन खेळ म्हणून सांगितले. घडले ते एवढेच. त्याला पैसा लागला नाही, ठराव लागला नाही. पण त्या काळी आदिवासी पोरीला गोऱ्यांच्या मैदानावर बोलावणे ही साधी बाब नव्हती. अनेक गावांत तिच्या जातभाईंना पोहण्याच्या तलावातसुद्धा उतरू देत नसत.

पुढे सिडनीचे टेनिस-शिक्षक व्हिक एडवर्ड्स यांचे दोन सहाय्यक खेड्यांतील मुलांना शिकवीत फिरत असता बरेलनला आले. त्यांनी या पोरीचा खेळ पाहून एडवर्ड्स यांना कळविले. १९६१ च्या सुमारास एडवर्ड्स स्वतः येऊन पाहून गेले. मुलगी दहा वर्षांची. पायांत चपळाई अशी की चेंडू जिथे पडणार तिथे ती आधीच पोचलेली. ही मुलगी १९७४ पर्यंत विम्बल्डन जिंकेल, असे भाकीत एडवर्ड्स यांनी पुढे केले.

आधी ती सुट्यांत सिडनीला जाई, एडवर्ड्स यांच्या घरी राही आणि शिके. कपडे, रॅकेट, प्रवासाची बॅग यांसाठी बरेलनच्या लोकांनी वर्गणी काढली. गहू पिकविणारी ही साधी माणसे. टेनिसचे बारकावे त्यांतल्या किती जणांना कळत असतील कोण जाणे, पण आपल्या गावची पोर म्हणून त्यांनी खिशात हात घातला. १९६५ च्या सुमारास तिने सिडनीला कायमचे राहावे असे ठरले. एडवर्ड्स तिचे कायदेशीर पालक झाले.

लिंडाच्या मनाचा विचार करा. जी आई मोटारीचा आवाज आला की पोरांना लपवीत होती, तिनेच आपली चौदा वर्षांची लेक आपण होऊन परक्या घरी धाडली. सरकारने ओढून नेणे वेगळे आणि पोरीचे कल्याण व्हावे म्हणून आपण पाठविणे वेगळे, हे खरे. पण ताटातूट ती ताटातूटच. मुलगी सिडनीतील विलोबी मुलींच्या शाळेत जाऊ लागली आणि १९६८ साली तिने शालान्त परीक्षेचा टप्पा पुरा केला. खेळापायी शाळा सोडली नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

गवतावरची लढत

विम्बल्डनची स्पर्धा गवताच्या मैदानावर होते, हे तुम्हांला ठाऊक असेल. शेतीचा माणूस म्हणून मला त्या गवताचे कुतूहल वाटते. आज तिथे बारमाही राय गवत लावतात आणि स्पर्धेच्या वेळी त्याची उंची ८ मिलिमीटर ठेवतात. २००१ पूर्वी त्यात फेस्क्यू जातीचे गवतही मिसळलेले असे. अशा गवतावर चेंडू फार उसळत नाही, खाली राहून घसरत येतो. खेळणाऱ्याला पटकन वाकावे लागते, पुढे धावून जाळ्याजवळ चेंडू अधांतरी टोलवावा लागतो. हलक्या पायांच्या इव्हॉनला हे मैदान मानवले. उलट्या हाताचा फटका, ज्याला बॅकहँड म्हणतात, तो तिचा हुकमी. दुसरी सर्व्हिस मात्र कच्ची.

१९७० साली ती प्रथम विम्बल्डनला उतरली आणि दुसऱ्याच फेरीत हरली. पुढच्या वर्षी, १९७१ मध्ये, तिने आधी पॅरिसची फ्रेंच स्पर्धा जिंकली. मग विम्बल्डनच्या उपांत्य सामन्यात अमेरिकेच्या बिली जीन किंगला ६-४, ६-४ असे हरविले. अंतिम सामन्यात समोर होती तिच्याच देशाची मार्गारेट कोर्ट, त्या काळातील सर्वांत बलाढ्य खेळाडू. इव्हॉन जिंकली ६-४, ६-१ अशी.

ज्यांना टेनिसचा हिशोब ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्त्रियांच्या सामन्यात तीनपैकी दोन डाव, म्हणजे सेट, जिंकावे लागतात. प्रत्येक सेटमध्ये दोनच्या आघाडीने सहा गेम आधी जिंकणारी तो सेट घेते. तेव्हा ६-१ म्हणजे प्रतिस्पर्धी स्त्रीला केवळ एक गेम मिळाला. मार्गारेट कोर्टसारखीच्या वाट्याला असे क्वचितच येई. इव्हॉनला वीस वर्षे पुरी व्हायला अजून महिना होता. एडवर्ड्स यांचे भाकीत तीन वर्षे आधीच खरे ठरले.

त्या साली तिची ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ म्हणून निवड झाली. ध्यानात घ्या, त्याच्या अवघी चार वर्षे आधी, १९६७ साली, त्या देशाने सार्वमत घेतले होते. प्रश्न होता आदिवासींना खानेसुमारीत इतरांप्रमाणे मोजावे काय आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्र सरकारला द्यावा काय. शेकडा नव्वदांहून अधिक मते होकाराची पडली. त्याआधी ज्या लोकांची धड मोजणीही होत नव्हती, त्यांच्यातली एक पोर आता देशाची लाडकी झाली.

बाईची मजुरी आणि बाईचे बक्षीस

आता एक आकडा सांगतो. १९७१ साली विम्बल्डनच्या पुरुष विजेत्याला ३,७५० पौंड मिळाले. इव्हॉनला मिळाले १,८०० पौंड. मैदान तेच, गवत तेच, चषकाचा मानही मोठा. पण रक्कम निम्म्याहून कमी.

भगिनींनो, हा हिशोब तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. खुरपणीला, वेचणीला, लावणीला बाई पुरुषाच्या बरोबरीने वाकते आणि संध्याकाळी तिच्या हातावर कमी पैसे टेकवले जातात. टेनिसमधल्या बायकांनी, त्यात बिली जीन किंग पुढे, या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला. तरीही विम्बल्डनला स्त्री-पुरुषांची बक्षिसे सारखी व्हायला २००७ साल उजाडावे लागले. मोठ्या नावाच्या ठिकाणीही न्याय आपोआप येत नाही, मागावा लागतो आणि मागत राहावे लागते.

अठरा वेळा दारात, सात वेळा आत

पेपरात विजेत्याचे छायाचित्र येते, त्यामुळे मोठी माणसे सदा जिंकतच असतात असा आपला समज होतो. इव्हॉनचा ताळेबंद मांडून पाहू. टेनिसमध्ये चार स्पर्धा सर्वांत मानाच्या: ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन. या चारांत मिळून एकेरीच्या अंतिम सामन्यापर्यंत ती १८ वेळा पोचली. जिंकली ७ वेळा. हरली ११ वेळा.

ऑस्ट्रेलियन स्पर्धेत १९७१, १९७२ आणि १९७३ अशी लागोपाठ तीन वर्षे ती अंतिम सामन्यात हरली. चौथ्या वर्षी, १९७४ मध्ये, ख्रिस एव्हर्टला हरवून जिंकली आणि मग १९७५, १९७६ व १९७७ मध्येही जिंकत गेली. अमेरिकन स्पर्धेत मात्र १९७३ ते १९७६ अशी सलग चार वर्षे ती शेवटच्या सामन्यापर्यंत गेली आणि चारही वेळा हरली. ती स्पर्धा तिला कधीच मिळाली नाही. सलग चार हंगाम पीक काढणीला यावे आणि चारही वेळा गारपिटीने झोडपावे, तसे हे झाले. तरी ती पाचव्या हंगामाची पेरणी करीतच राहिली.

खेळता खेळता तिचे लक्ष मधेच उडे, हे खरे. त्याला तिकडचे वर्तमानपत्रवाले ‘वॉकअबाउट’ म्हणत. आदिवासी लोक आपल्या मुलखात दूरदूर पायी फिरतात, त्या भटकंतीसाठी हा शब्द आहे. दुसऱ्या कोणी चूक केली तर ती चूक. इव्हॉनने केली तर तिच्या जातीचा गुण! असा टोमणा आपल्याकडेही अनेकांनी सोसला आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस ती दक्षिण आफ्रिकेत खेळली तेव्हा तर तिथल्या वर्णद्वेषी राजवटीने तिला ‘मानाची गोरी’ ठरवून प्रवेश दिला. माणूस म्हणून आत घ्यायचे नाही, गोरी समजून घ्यायचे! तिथे तिने जावे की जाऊ नये यावर तिच्या देशात वाद झाला. कोवळ्या वयाच्या मुलीच्या खांद्यावर हा भारही होता.

१९७४ साली वडील मोटारीच्या धडकेने वारले. लेक तेव्हा घरापासून दूर, खेळाच्या धावपळीत. १९७५ मध्ये तिने रॉजर कॉली या इंग्लिश तरुणाशी लग्न केले. त्यानंतर एडवर्ड्स यांच्याशी असलेले नाते तुटले. शिक्षक तेच, पालक तेच, व्यवहार पाहणारेही तेच, अशी आजवर तिची सारी सूत्रे एकाच हाती होती. ज्या माणसाने वाट दाखविली त्याच्यापासूनच वेगळे होऊन चालावे लागले. हेही या हकिगतीत आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

एक गंमतीची गोष्टही आहे. १९७६ साली दोन आठवडे ती जगात पहिल्या क्रमांकावर होती. पण नोंदी अपुऱ्या राहिल्याने हे कोणालाच कळले नाही, तिलाही नाही. २००७ च्या डिसेंबरात जुनी कागदपत्रे तपासताना ही चूक सापडली आणि तब्बल एकतीस वर्षांनी तिला तो मान मिळाला. सात-बारावरची नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी हेलपाटे घालणाऱ्यांना यातून थोडा दिलासा मिळावा!

आईचा विजय

१९७७ च्या मे महिन्यात इव्हॉनला मुलगी झाली, केली. आता हिचा खेळ संपला, असे वाटणारे पुष्कळ असतील. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिने ऑस्ट्रेलियन अजिंक्यपद जिंकले. पुढे दुखापतींनी तिला सतावले. विम्बल्डनचे पहिले अजिंक्यपद मिळून नऊ वर्षे लोटली होती. मधल्या काळात तीनदा तिथल्या अंतिम सामन्यात ती हरली होती.

१९८० साली ती पुन्हा उतरली. घरी तीन वर्षांची केली. उपांत्य सामन्यात तिच्यापुढे अमेरिकेची सतरा वर्षांची ट्रेसी ऑस्टिन होती. पहिला सेट इव्हॉनने ६-३ असा घेतला, दुसरा ०-६ असा गमावला. एकही गेम नाही! अशा वेळी माणूस मनाने खचतो. तिसरा सेट तिने ६-४ असा जिंकला. अंतिम सामना ख्रिस एव्हर्टशी. याच ख्रिसने १९७६ मध्ये तिला इथेच हरविले होते. पहिला सेट ६-१. दुसरा अटीतटीचा, सहा-सहा गेम बरोबरीत. मग टायब्रेक, म्हणजे बरोबरी मोडण्यासाठीचा वाढीव गेम. विम्बल्डनचा एकेरीचा अंतिम सामना टायब्रेकवर संपण्याची ती पहिलीच वेळ. तो तिने जिंकला.

आई असलेल्या स्त्रीने विम्बल्डनची एकेरी जिंकावी, असे त्यापूर्वी घडले होते १९१४ साली, डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स यांच्या हातून. मधे सहासष्ट वर्षे गेली. बाळंतपण म्हणजे बाईच्या कर्तृत्वाला पूर्णविराम, ही समजूत केवळ आपल्या खेड्यांतलीच नव्हे. ती लंडनलाही होती, आणि लोकर कातरणाऱ्याच्या लेकीने ती लंडनलाच खोटी ठरविली.

१९८१ मध्ये तिला मुलगा झाला, मॉर्गन. १९८३ साली तिने खेळातून निवृत्ती घेतली. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिसच्या मानाच्या दालनात तिची नोंद झाली.

परत आपल्या माणसांत

निवृत्तीनंतर कुटुंब अमेरिकेत राहत होते. १९९१ साली आई लिंडा वारली. इव्हॉन मायदेशी आली, नातेवाइकांना भेटली आणि तिला उमगले की चौदाव्या वर्षी घर सोडल्यापासून आपल्या माणसांच्या रीतिभाती, गोष्टी, नाती हे सारे शिकायचे राहून गेले. तिने कुटुंबासह ऑस्ट्रेलियात परतून नूसा येथे घर केले आणि चाळिशीत ते शिकावयास सुरुवात केली. जगभर नाव झालेल्या बाईला आपल्याच घरची ओळख नव्याने करून घ्यावी लागली, ही तिने मोजलेली किंमत.

पण ती तिथेच थांबली नाही. आदिवासी मुलांसाठी तिने टेनिसची शिबिरे सुरू केली. २००५ पासून तिच्या नावाचे राष्ट्रीय शिबिर भरू लागले. त्यात मुलांना खेळ शिकवितात आणि शाळा सोडू नका, असेही सांगतात. ज्या देशात तिच्या आईला पोरे लपवावी लागत होती, त्या देशाच्या पंतप्रधानांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत उभे राहून, पळवून नेलेल्या मुलांची आणि त्यांच्या आईबापांची जाहीर माफी मागितली. लिंडा ते ऐकायला नव्हती.

बरेलन गावाने आपल्या लेकीची आठवण कशी ठेवली पाहा. २००९ साली गावाला शंभर वर्षे झाली. तेव्हा तिच्या लाकडी रॅकेटची हुबेहूब प्रतिकृती गावात उभारली, १३.८ मीटर लांबीची! खोक्याच्या फळीपासून निघालेली गोष्ट इथवर आली.

२०२१ साली, इव्हॉनच्या पहिल्या विजयाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ॲश बार्टी ही दुसरी आदिवासी वंशाची ऑस्ट्रेलियन मुलगी विम्बल्डन जिंकली. इव्हॉनने १९७१ मध्ये घातलेल्या पोशाखाच्या धर्तीवर शिवलेला पोशाख तिने मुद्दाम घातला होता. एका पोरीसाठी उघडलेल्या फाटकातून दुसरी आत आली, ती अशी.

आपल्या घरात

आता एक माझी गोष्ट सांगतो, आणि ती मला शोभणारी नाही. पंचवीस-एक वर्षांपूर्वी एका गावी कांदा लागवडीच्या सभेला गेलो होतो. सभा संपल्यावर एक शेतकरी बाजूला आला. म्हणाला, “साहेब, पोरीला पळण्याच्या शर्यतीला जिल्ह्याला बोलावलंय. धाडू का?” पोर मागेच उभी होती, अनवाणी. मी त्या वेळी रोपांच्या हिशोबात. मी म्हणालो, “अण्णा, लागवड तोंडावर आहे. यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघा.” शिकलेल्या साहेबांचा शब्द म्हणून त्याने मानला. पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो तेव्हा पोरीचे लग्न झाले होते.

ती जिंकली असती असे मी म्हणत नाही. मुद्दा तो नव्हे. कांद्याची लागवड चार दिवस मागे-पुढे झाली तर काय करायचे, हे मला शिकविलेले होते. पोरीचे वय मागे सरत नाही, हे मात्र त्या क्षणी सुचले नाही. ती कुंपणाबाहेर उभी होती, आणि फाटकाची कडी मीच लावली.

म्हणून सांगतो. कुंपणाबाहेर उभी असलेली पोर आपली असो वा शेजाऱ्याची, तिला आत बोलवा. तिच्या कडेवरचे भावंड तासभर दुसऱ्या कोणी सांभाळावे. घरातल्या मुलाने सांभाळले तरी बिघडत नाही. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटा. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी शालेय स्पर्धा होतात. त्यांची माहिती शाळेत आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते. जत्रेची वर्गणी आपण हौसेने काढतो, तशी एका पोरीच्या बुटांसाठीही काढता येते. बरेलनने काढली होती. मुलगी शिक्षणासाठी वा खेळासाठी परगावी गेली तर तिची सारी सूत्रे एकाच माणसाच्या हाती सोपवून निर्धास्त होऊ नका. भेटत राहा, विचारत राहा, तिच्या पैशांचा हिशोब तिलाच समजू द्या. शाळा सुटू देऊ नका. आणि ती हरून घरी आली तर अठरापैकी अकरा वेळा हरलेल्या इव्हॉनची गोष्ट तिला सांगा.

प्रत्येक बी उगवतेच असे नाही, हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. म्हणून काही आपण पेरणी थांबवीत नाही. उद्या संध्याकाळी शाळेवरून जाताना कुंपणाकडे जरूर पाहा. कोणी उभी असेल तर तिला एवढेच विचारा, “काय गं बाळ, खेळायचंय का?”